मध्यरात्रीचें टपाल

आमच्या हिंगणीहून नागपूर फारसें दूर नाहीं. गांधीजींच्या पहिल्या पुण्यतिथीस, ३० जानेवारी १९४९ रोजीं, तेथें रात्रीचें हवाई टपाल सुरू झालें. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रासचीं विमानें मध्यरात्रीं जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि परतत. काम होतें ‘इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्स’ या लहान कंपनीकडे. त्याच वर्षीं ती बंद पडली.

महायुद्धोत्तर स्वस्त डकोटा विमानें आणि सढळ परवाने यांमुळें कंपन्या उदंड झाल्या, तेवढा धंदा मात्र नव्हता. न्यायमूर्ति राजाध्यक्ष समितीनें १९५० सालीं हेंच दाखविलें. टपालाचा भार ‘हिमालयन एव्हिएशन’नें उचलला, १९५३ मध्यें तीहि सरकारी महामंडळांत विलीन झाली.

कंपन्या लयास गेल्या, टपाल चालत राहिलें. कारण त्याची गरज खरी होती.