बातमी सांगणारी स्त्री

स्मिता पाटील हें नांव ठाऊक नाहीं असें मराठी घर विरळाच. परंतु तें ठाऊक असतें तें चित्रपटांमुळें. ‘भूमिका’, ‘जैत रे जैत’, ‘चक्र’, ‘उंबरठा’ हीं नांवें पाठोपाठ जिभेवर येतात, आणि या सर्वांच्या आधीं ही मुलगी मुंबईच्या दूरदर्शनवर बातम्या वाचीत असे ही गोष्ट कौतुकाची एक तळटीप म्हणून सांगितली जाते. आजच्या भाषणांत मी त्या तळटीपेविषयींच बोलणार आहें. माझ्या मतें ती तळटीप नव्हे. स्त्रीनें सांगितलेली बातमी लोकांनीं खरी मानावी कीं नाहीं, या प्रश्नाला एक लांबलचक इतिहास आहे, आणि मुंबईच्या पहिल्या वृत्तनिवेदिकांचें काम हें त्यांतलें एक प्रकरण आहे.

प्रश्न कोणास विचित्र वाटेल. गांवांत कोणाचें काय झालें हें पाणवठ्यावरूनच घरीं येत असे, तेव्हां बातमी सांगण्याचा मक्ता पूर्वापार बायकांचाच, असें कोणी थट्टेनें म्हणेलहि. परंतु जिच्यावर राज्य चालतें, बाजार चढतो-उतरतो, लढाई जाहीर होते, ती बातमी पुरुषाच्या तोंडचीच असावी अशी समजूत फार दृढ होती. आणि ती केवळ आपल्याकडची नव्हती. इंग्लंडांत बी. बी. सी.नें १९३३ सालीं शीला बॉरेट या बाईंस रेडिओवर निवेदक म्हणून नेमिलें. तक्रारींचा इतका वर्षाव झाला कीं कांहीं महिन्यांतच त्यांना दूर करण्यांत आलें. त्या तक्रारींत स्त्रियांच्या पत्रांचा भरणा मोठा होता असें सांगतात, ही गोष्ट मुद्दाम ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. पुढें १९६० मध्यें नॅन विंटन यांनीं तेथील दूरचित्रवाणीवर राष्ट्रीय बातमीपत्र वाचलें. परंतु प्रेक्षकांस तें रुचत नाहीं असें ठरून त्यांनाहि लवकरच बाजूस व्हावें लागलें. अँजेला रिपन यांना ती जागा कायमची मिळावयास १९७५ साल उजाडलें. अमेरिकेंत बार्बरा वॉल्टर्स यांना एका मोठ्या वाहिनीच्या सायंकाळच्या बातमीपत्रांत पुरुष सहकाऱ्याच्या शेजारची खुर्ची मिळाली ती १९७६ मध्यें.

हे सन मनांत धरून आपल्याकडे पाहिलें म्हणजे थोडा अचंबा वाटतो. सईदा बानो यांनीं दिल्लीच्या रेडिओवर उर्दू बातम्या वाचण्यास आरंभ केला तो १९४७ च्या ऑगस्टांत, स्वातंत्र्याच्या अगदीं उंबरठ्यावर. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला, १५ ऑगस्ट १९६५ पासून रोजचे कार्यक्रम होऊं लागले, आणि त्यांतलें पांच मिनिटांचें पहिलें बातमीपत्र वाचलें तें प्रतिमा पुरी यांनीं. त्यांच्यामागून सलमा सुलतान आल्या. म्हणजे विलायतेंत जें दार १९६० नंतर पुन्हां लागलें, तें आपल्याकडे पहिल्या दिवसापासून उघडेंच होतें.

याचें श्रेय आपल्या उदारपणास देण्याची घाई मात्र करूं नये. दूरचित्रवाणी येथें सरकारी होती, प्रेक्षक मूठभर होता, आणि त्याला दुसरा पर्याय नव्हता. शिवाय हें यंत्र आपल्याकडे करमणुकीसाठीं आलें नाहीं, शिक्षणाचें साधन म्हणून आलें. दिल्लींतले आरंभीचे कार्यक्रम शाळांसाठीं आणि समाजशिक्षणासाठीं होते. स्त्री ही शिक्षिका असूं शकते हें शहरी समाजानें तोंवर मान्य केलेलें होतें. वृत्तनिवेदिका त्याच दारानें आंत आली असें मला वाटतें.

मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. देशांतलें तें दुसरें केंद्र, आणि मराठी भाषेला पडद्यावर पहिलें घर मिळालें तें तेथेंच. तेथें बातम्या वाचणाऱ्या स्त्रियांत आरंभींच्या काळांत भक्ति बर्वे होत्या, ज्योत्स्ना किरपेकर होत्या, आणि ज्यांचें वय विशीच्याहि अलीकडचें होतें त्या स्मिता पाटील होत्या.

स्मिता पाटील यांचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५ चा. वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशांतील शिरपूरकडचे राजकीय कार्यकर्ते, पुढें राज्याचे मंत्री. आई विद्याताई परिचारिका व समाजसेविका. घरचें वळण समाजवादी. राष्ट्र सेवा दलाच्या वातावरणांत ही मुलगी वाढली आणि कुटुंब मुंबईस आल्यावर सर्वस्वीं योगायोगानें दूरदर्शनच्या दारांत येऊन पोंचली. किरपेकर यांच्याकडील तिचीं छायाचित्रें केंद्राचे संचालक पी. व्ही. कृष्णमूर्ति यांच्या दृष्टीस पडलीं आणि त्यांनीं तिला बोलावून घेतलें, अशी हकीकत आहे. कांहींतरी म्हणून दाखवा असें चाचणीच्या वेळीं सांगितल्यावर तिला ऐन वेळीं बांगला देशाचें राष्ट्रगीत सुचलें, असेंहि सांगतात. तो देश मुक्त होऊन तेव्हां फार दिवस झाले नव्हते.

त्या कामाची कल्पना आज येणें कठीण. आजच्या निवेदकाच्या डोळ्यांसमोर, कॅमेऱ्याच्या भिंगापाशींच, मजकूर आपोआप सरकत असतो. त्या वेळीं हातांत कागद असे. वाक्याचा पूर्वार्ध कागदावरून उचलावयाचा, उत्तरार्ध मान वर करून समोरच्या घरांत बसलेल्या माणसाला सांगावयाचा, आणि डोळे पुन्हां खालीं वळतांच नेमकी पुढची ओळ सांपडली पाहिजे. वर्तमानपत्राला दुसऱ्या दिवशीं शुद्धिपत्र छापतां येतें. येथें ओळ चुकली कीं ती हजारों घरांत एकदमच चुकली. त्यांतून आपल्या भाषेची रचना अशी कीं क्रियापद शेवटीं येतें आणि नकार त्याच्याहि मागून येतो. करार झाला कीं झाला नाहीं, मंत्र्यानें राजीनामा दिला कीं दिला नाहीं, हें वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्यास कळत नाहीं. इंग्रजींत नकार बहुधा आधींच येऊन जातो. मराठी बातमी वाचणाऱ्याला म्हणून वाक्याच्या अखेरीस आवाज सोडतां येत नाहीं. जेथें दम संपतो तेथेंच भार द्यावा लागतो. हें ज्याला साधलें त्याचें वाचन ‘स्पष्ट’ वाटतें, आणि ज्याला साधलें नाहीं त्याच्या बातमीवर, कां कोण जाणे, विश्वास बसत नाहीं.

विश्वास बसणें हीच तर त्या कामाची कसोटी. पुरुषाच्या जाड आवाजाला अधिकार आपोआप चिकटलेला असे; स्त्रीला तो प्रत्येक सायंकाळीं नव्यानें मिळवावा लागे. पडदा काळा-पांढरा होता. प्रसाधनाची आणि गोऱ्या रंगाची जी मिजास सिनेमानें लोकांच्या मनांत भरवून ठेवली होती, तिच्यापुढें एक सांवळी, मोठ्या डोळ्यांची, साध्या साडींतली मुलगी येऊन बसली आणि कोणताहि आविर्भाव न करतां दिवसभराच्या घडामोडी सांगून गेली. हातमागाच्या त्या साड्यांची मुंबईंत बरीच चर्चा होई. त्या साडीखालीं पुष्कळदां जीन्स असे, कॉलेजांतून आल्यावर वेळ अपुरा पडल्यामुळें साडी वरूनच गुंडाळलेली असे, हा किस्सा तर आतां दंतकथेसारखा झाला आहे. कॅमेरा कमरेच्या वरचेंच दाखवी, तेव्हां बातमीपत्राचें कांहीं बिघडलें नाहीं.

मराठीचा एक शब्दहि न कळणारीं माणसें केवळ हिला पाहण्यासाठीं बातम्या लावीत, असें मोठ्या अभिमानानें सांगतात. ही स्तुति ऐकतांना माझें मन मात्र अडखळतें. बातमी सांगणाऱ्याला ऐकावयाचें असतें; जिला केवळ पाहिलें जातें, तिच्या शब्दांचें काय झालें? पहिल्या पिढीच्या प्रत्येक वृत्तनिवेदिकेवर हें संकट होतें. सलमा सुलतान यांच्या केसांतला गुलाब लोकांच्या लक्षांत राहिला. त्यांनीं तीस वर्षें नीट, निर्दोष बातम्या वाचल्या हें सांगावें लागतें. पुरुष निवेदकाच्या सदऱ्याविषयीं असें कोणी लिहिल्याचें माझ्या तरी वाचनांत नाहीं.

दुसरें बंधन याहून कठीण होतें. हातांतला कागद दुसऱ्याचा होता. तो कोणीं लिहिला, त्यांतून काय गाळलें, हें वाचणारीनें विचारावयाचें नव्हतें. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेल्यावर तर या माध्यमाचा किती दुरुपयोग झाला, हें १९७७ सालीं सरकारनेंच प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेंत नमूद आहे. कमावलेला विश्वास आणि पुरवलेला मजकूर यांची जेथें फारकत होते, तेथें चांगला आवाज हाच अडचणीचा ठरतो, कारण तो चांगला असल्यामुळेंच खोटें पटतें. त्या वर्षांत देशभर ज्यांनीं ज्यांनीं बातम्या वाचल्या, त्यांच्यावर हा भार पडल्यावांचून राहिला नसेल.

स्मिता पाटील तोंवर दुसऱ्या वाटेला लागल्या होत्या. श्याम बेनेगल यांनीं त्यांना दूरदर्शनवर पाहिलें होतें. ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ हे दोन्ही चित्रपट १९७५ चे. पुढच्या गोष्टी सर्वश्रुत आहेत, त्या येथें सांगत बसत नाहीं. एवढेंच नोंदवितों कीं त्यांच्या अभिनयांतलें जें विशेष म्हणून गाजलें, म्हणजे शब्दावर जोर न देतां तो खरा वाटावयास लावणें आणि कॅमेऱ्याकडे तो जणूं नाहींच अशा रीतीनें पाहणें, तें कोणत्याहि नाट्यशाळेंत शिकविलेलें नव्हतें. १३ डिसेंबर १९८६ रोजीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्या गेल्या.

भक्ति बर्वे यांची गोष्ट आणखी मौजेची. पु. ल. देशपांडे यांनीं शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून केलेलें ‘ती फुलराणी’ १९७५ मध्यें रंगभूमीवर आलें. त्यांत एक प्राध्यापक फुलें विकणाऱ्या मंजुळेला शुद्ध बोलावयास शिकवितो, आणि शुद्ध बोलूं लागतांच समाज तिला निराळ्या डोळ्यांनीं पाहूं लागतो. ही मंजुळा केली ती भक्ति बर्वे यांनीं. ज्या कंठानें सायंकाळीं प्रमाण मराठींत बातम्या सांगितल्या, त्याच कंठानें रंगमंचावर त्या प्रमाण मराठीची फिरकी घेतली. बातमीपत्राची मराठी कोणाची, हा प्रश्न त्या नाटकानें हंसत हंसत विचारला होता. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला मात्र त्याची बोच फारशी जाणवली नसावी. ती भाषा त्याच्याच घरची होती.

ती बोच कळावयास यवतमाळकडे यावें लागतें. मुंबईपासून सरळ रेषेनें साडेपांचशे किलोमीटरांहून अधिक अंतर. आणि दूरचित्रवाणीच्या लहरी तर क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहींत. पुण्यास १९७३ सालीं सहक्षेपण सुरू झालें, पण पुसद, वणी, दारव्हा येथल्या घरांत मुंबईचें चित्र येणें शक्यच नव्हतें. त्याच १९७३ सालीं यवतमाळास मराठी साहित्य संमेलन भरलें, ग. दि. माडगूळकर अध्यक्ष होते. ज्या गांवांत मराठीचा एवढा मेळा भरला, तेथल्या रहिवाशाला बातमी सांगणारी मराठी स्त्री कशी दिसते हें पाहावयास दहा-बारा वर्षें थांबावें लागणार होतें. तोंवर नागपूरचा रेडिओ, १९४८ सालीं सुरू झालेला, हाच त्याचा आधार. स्मिता पाटील त्याला भेटल्या त्या चित्रपटगृहांत. त्यांच्या तोंडची बातमी विदर्भानें ऐकलीच नाहीं.

१९८२ पासून उपग्रहाच्या साह्यानें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९८४ सालीं लहान प्रक्षेपकांचें जाळें देशभर झपाट्यानें पसरलें. त्या दशकांत विदर्भांतल्या ज्या घरांत नवा संच आला, तेथें प्रथम दिसली ती दिल्लीची हिंदी निवेदिका. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं सकाळीं इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या गेल्या. परदेशी रेडिओवरून मृत्यूची वार्ता येऊन गेली, तरी दूरदर्शन दिवसभर बोललें नाहीं. सायंकाळीं ती बातमी सांगितली सलमा सुलतान यांनीं. आवाज कांपूं न देतां एका स्त्रीनें देशाला दुसऱ्या स्त्रीच्या हत्येची बातमी सांगितली, आणि ती खरी कीं खोटी असा प्रश्न कोणाच्याहि मनांत आला नाहीं. शीला बॉरेट यांना घरीं पाठविल्याला तेव्हां एकावन्न वर्षें झालीं होतीं.

यवतमाळची स्त्री बातमीपत्रांत आली ती त्यानंतर, आणि निवेदिका म्हणून नव्हे. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचें सत्र सुरू झाल्यावर तिचें दार, तिचा ओसरीवरचा मूक चेहरा पडद्यावर वारंवार दिसूं लागला. तिच्यावतीनें बोलणारा आवाज दुसऱ्याचा असे. जानेवारी २०१९ मध्यें साहित्य संमेलन पुन्हां यवतमाळास भरलें. उद्घाटनासाठीं नयनतारा सहगल यांना दिलेलें निमंत्रण वादांत मागें घेण्यांत आलें, आणि त्यांच्या जागीं याच जिल्ह्यांतल्या, शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर घर चालविणाऱ्या वैशाली येडे यांनीं उद्घाटन केलें. अध्यक्षस्थानीं अरुणा ढेरे होत्या. वैशालीताईंनीं आपली हकीकत त्या व्यासपीठावरून स्वतःच सांगितली.