तटाबाहेरची बाग

परक्या शहराशी ओळख करून घेण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते. कोणी वस्तुसंग्रहालये पालथी घालतो, कोणी चर्चचे घुमट मोजतो, कोणी मंडईत जाऊन भाजीचे भाव विचारतो. माझी तऱ्हा सांगताना मला थोडा संकोच वाटतो. त्या शहरातली माणसे कशात बसून आरडाओरडा करतात, ते मी आधी पाहतो. हा नाद लहानपणच्या जत्रेतला. आमच्या गावच्या जत्रेत चार पाळण्यांचे एक लाकडी चक्र येई. त्याला यंत्र नव्हते. पाळणेवाला हाताने आणि खांद्याने रेटून ते फिरवी. एखादे पोर रडकुंडीला आले की तो चक्र हलके करी, आणि थोरली पोरे चेकाळली की असा रेटा देई की पोटात खड्डा पडावा. पुढे नोकरीच्या निमित्ताने देशोदेशीची चक्रे पाहिली, विजेवर फिरणारी पाहिली, आकाशाला भिडणारी पाहिली. पण मन गुंतले ते एकाच ठिकाणी, कोपनहेगनच्या टिवोली बागेत.

तिथे मी पहिल्यांदा गेलो तो 1974 च्या जून महिन्यात. मध्यवर्ती स्टेशनातून बाहेर पडावे आणि रस्ता ओलांडला की बागेची भिंत. एवढ्या मोक्याच्या जागी, शहराच्या ऐन छातीवर, वीस एकरांची बाग केवळ मजेसाठी राखून ठेवलेली पाहून मला प्रथम आश्चर्य वाटले आणि मग, खरे सांगायचे तर, थोडा हेवा वाटला. दिव्यांची कीर्ती ऐकून गेलो होतो; पण जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. दिव्यांची वाट पाहून पाय दुखले. घरी परतल्यावर घरमालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "टिवोलीला जूनमध्ये पाहुणे जातात. आम्ही ऑगस्टच्या शेवटी जातो." त्यांचा सल्ला मी तेव्हापासून पाळत आलो आहे. वाचकांपैकी कोणाचे जाणे झाले तर त्यांनीही तो पाळावा.

बागेच्या जन्माची कथा मला आवडते, कारण तिचा जनक एक संपादक होता. गेओर्ग कार्स्टेन्सन 1812 मध्ये अल्जिअर्स येथे जन्मला. बाप तिथे डेन्मार्कचा वकील होता. कोपनहेगनला येऊन हा गृहस्थ नियतकालिके चालवू लागला आणि वर्गणीदार टिकवायचे म्हणून त्यांच्यासाठी रोषणाईच्या, दारूकामाच्या मेजवान्या देऊ लागला. वर्गणीदार टिकवण्यासाठी संपादकाला काय काय करावे लागते, हे दिवाळी अंकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको. मेजवान्या अंकांपेक्षा अधिक गाजल्या, आणि कार्स्टेन्सनला आपले खरे क्षेत्र सापडले. लंडनच्या व्हॉक्सहॉल बागेची आणि पॅरिसच्या टिवोली बागेची कीर्ती सर्वत्र होती. त्या दोघींची नावे जोडून त्याने आपल्या बागेचे बारसे केले.

डेन्मार्कात तेव्हा राजाची अनियंत्रित सत्ता होती. आठव्या क्रिश्चनने बागेला पाच वर्षांचा परवाना दिला. त्याचे मन वळवताना कार्स्टेन्सनने असा युक्तिवाद केला म्हणतात की, करमणुकीत रमलेली प्रजा राजकारणाचा विचार करीत नाही. शब्द कसेही असोत, युक्तिवाद जुनाच आहे. रोमन बादशहांपासून आजवर प्रत्येक राज्यकर्त्याला तो पटत आला आहे.

जागा मिळाली ती शहराच्या पश्चिम वेशीबाहेर, तटाला लागून. ही जमीन लष्कराची. शत्रू आला तर तोफांच्या माऱ्याआड काही येता कामा नये, म्हणून तिथे पक्के बांधकाम करण्यास बंदी होती. जे उभारायचे ते लाकडाचे, हलके, हुकूम होताच पाडता येईल असे. 15 ऑगस्ट 1843 रोजी बाग उघडली तेव्हा तिथे घोड्यांनी फिरवायचे चक्र होते, उतारावरून घसरणाऱ्या गाड्या होत्या, वाद्यवृंद होता आणि रंगीत दिवे होते. पौर्वात्य घाटाच्या लाकडी महालांना मागे तटाच्या खंदकाचे पाणी लाभले होते. पुढे शहराने तट पाडले, खंदक बुजवले. पण बागेतला खंदकाचा तुकडा तळे होऊन राहिला. आज त्या तळ्याकाठी बसून बदके पाहणाऱ्या पोरांना, आपण तोफांच्या जागेवर बसलो आहोत, याची कल्पनाही नसते.

पहिल्याच हंगामात बागेला दोन माणसे अशी लाभली की तिचे भाग्य उजळले. एक हान्स क्रिश्चन लुंबी हा संगीतकार. जवळजवळ तीस वर्षे त्याने टिवोलीचा वाद्यवृंद सांभाळला. शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडाल्याच्या आवाजाने सुरू होणारी त्याची 1845 ची नृत्यरचना डॅनिश माणसाला आजही पाठ असते. दुसरा त्याचाच नामबंधू, हान्स क्रिश्चन अँडरसन. 1843 च्या ऑक्टोबरात तो टिवोलीत गेला आणि त्याच दिवशी त्याने चिनी बादशहा आणि बुलबुल यांची गोष्ट लिहावयास घेतली. कळीच्या पक्ष्याला भुललेला आणि मरणाच्या दारात खऱ्या पक्ष्याचे गाणे आठवणारा तो बादशहा मराठी मुलांनाही ठाऊक आहे. कागदी कंदिलांच्या आणि खोट्या चिनी महालांच्या त्या बागेत बसून खऱ्या-खोट्याची ही कथा त्याला सुचावी, यात मला मोठी गंमत वाटते.

आता राजाच्या युक्तिवादाचे काय झाले ते पाहा. उन्हाळ्यात बाग तर हिवाळ्यात काय, म्हणून कार्स्टेन्सनने शहरात 'कॅसिनो' नावाचे करमणूकगृह काढले. ते 1847 मध्ये उघडले. 1848 च्या जानेवारीत राजा वारला. युरोपभर क्रांतीचे वारे सुटले. 20 मार्चच्या संध्याकाळी कोपनहेगनच्या उदारमतवाद्यांनी सभा भरवली ती याच कॅसिनोत. आणि दुसऱ्या दिवशी हजारो नागरिक मिरवणुकीने राजवाड्यावर गेले. रक्त न सांडता अनियंत्रित राजसत्ता संपली आणि 1849 च्या जूनमध्ये देशाला राज्यघटना मिळाली. प्रजेने राजकारण विसरावे म्हणून दिलेल्या परवान्याची पाच वर्षे भरता भरता हे घडले! माणसे करमणुकीसाठी का होईना एकत्र येऊ लागली, की ती एकमेकांशी बोलू लागतात. आणि बोलू लागली की कशावर बोलावे, हे ठरवणे राजाच्या हाती राहत नाही. माझ्या मते टिवोलीच्या इतिहासातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट हीच आहे.

कार्स्टेन्सनला मात्र या साऱ्याचा लाभ झाला नाही. त्याच वर्षी युद्ध पेटले. त्यातच त्याचे संचालकांशी बिनसले आणि स्वतः लावलेली बाग त्याला सोडावी लागली. तो वेस्ट इंडीजमधल्या डॅनिश वसाहतीत गेला, तिथून न्यूयॉर्कला. तिथे 1853 च्या प्रदर्शनाचा स्फटिकमहाल त्याने एका भागीदाराबरोबर उभारला. हात रिकामेच ठेवून तो मायदेशी परतला, 'अल्हाम्ब्रा' नावाची नवी बाग आखली आणि 1857 च्या जानेवारीत, ती उघडण्यापूर्वीच, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मरण पावला. न्यूयॉर्कचा महाल पुढच्याच वर्षी जळाला. अल्हाम्ब्रा 1869 मध्ये बंद पडली. तिघींपैकी टिकली ती एकटी टिवोली, जिच्यावर कधीही पाडली जाण्याची टांगती तलवार होती ती.

बागेचे कौतुक करणाऱ्याने तिच्यातला काळा कोपरा झाकू नये. 1905 च्या उन्हाळ्यात टिवोलीत डेन्मार्कच्या वसाहतींचे प्रदर्शन भरले. वेस्ट इंडीजमधल्या सेंट क्रॉय बेटावरून त्यासाठी दोन मुले आणली होती: व्हिक्टर कॉर्नेलिन्स आणि अल्बर्टा रॉबर्ट्स. मुलगा सात वर्षांचा, मुलगी त्याहून लहान. लोकांनी त्यांना पाहावे, एवढेच त्यांचे काम. व्हिक्टर मुलखाचा चौकस. जागेवर थांबेना, बागेतल्या गमती पाहायला पळू लागला. म्हणून त्याला पिंजऱ्यात ठेवले. सात वर्षांच्या मुलाला टिवोलीत येऊन टिवोली पाहावीशी वाटली, हा त्याचा अपराध. तीन वर्षांपूर्वी, 1902 मध्ये, तिथे चिनी माणसांचेही असेच प्रदर्शन मांडले गेले होते. अल्बर्टा लहान वयातच वारली. व्हिक्टर डेन्मार्कातच वाढला, नाक्स्कॉव गावी शिक्षक झाला, संगीतात रमला आणि 1985 मध्ये वारला. त्याने पिंजऱ्याची हकीकत स्वतः सांगून ठेवली आहे.

हे मला पहिल्या भेटीत ठाऊक नव्हते; पुष्कळ वर्षांनी वाचनात आले. त्यानंतरच्या भेटीत त्या रंगीत कंदिलांखालून हिंडताना पाय जड झाले. माणसे एकत्र जमली की चांगलेच घडते, असे मी वर जवळजवळ म्हणून गेलो. तसे नाही. राजवाड्यावर शांतपणे चालून जाणाऱ्यांची नातवंडे-पतवंडे पिंजऱ्यापुढेही तितक्याच शांतपणे उभी राहिली असतील. माझ्यासारख्याने तर हे विसरूच नये. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मी त्या बागेत गेलो असतो, तर गजांच्या कोणत्या बाजूला असतो, हा प्रश्न काही अवघड नाही.

चाळीस वर्षे पुढे येऊ. डेन्मार्क जर्मनांच्या टाचेखाली होता आणि तरीही 1943 मध्ये टिवोलीने आपली शंभरी साजरी केली. बलूनच्या आकाराचे पाळणे असलेले आजचे चक्र त्याच वर्षीचे. देशभक्तांनी जर्मनांना उपयोगी पडणारे कारखाने उडवावेत आणि त्याचा सूड म्हणून शालबुर्ग पथकातल्या डॅनिश नाझींनी आपल्याच लोकांच्या आवडीच्या जागा उडवाव्यात, असे सत्र चालले होते. 24 आणि 25 जून 1944 च्या मधल्या रात्री त्यांनी टिवोलीत स्फोट घडवले. संगीतसभागृह, काचेचे सभागृह आणि इतर इमारती जळून गेल्या.

माझ्या घरमालकीणबाई तेव्हा ऐन तिशीत होत्या. त्या फारशा बोलक्या नव्हत्या. पण या रात्रीबद्दल विचारले तेव्हा हातातली कपबशी त्यांनी खाली ठेवली. "पूल उडाला, कारखाना उडाला, तर आम्ही म्हणायचो, लढाई आहे," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी मात्र आमच्या जिन्यात कोणी कोणाशी बोलले नाही. घरातले कोणी गेल्यासारखे झाले होते."

त्याच दिवशी जर्मनांनी रात्री आठपासून संचारबंदी पुकारली. दहापर्यंत उजेड असणाऱ्या जूनमध्ये आठला दारे लावून बसायचे! दुसऱ्या दिवशी एका मोठ्या जहाजबांधणी कारखान्याचे कामगार दुपारीच घरी निघाले. आम्ही संप करीत नाही, असे त्यांनी कळवले. संध्याकाळी बाहेर पडता येत नाही, म्हणून आमच्या भाज्यांच्या वाफ्यांना दिवसाच पाणी घालायला हवे. पाहता पाहता सारे शहर थांबले. जर्मनांनी पाणी, गॅस, वीज तोडली, शहराला वेढा दिला. शंभराच्या आसपास माणसे मेली. पण संचारबंदी त्यांना मागे घ्यावी लागली. हा संप केवळ टिवोलीसाठी झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण लोकांची उन्हाळ्यातली संध्याकाळ हिरावून घेऊ नये, एवढा धडा त्यातून निश्चित निघाला. टिवोली काही आठवड्यांतच तात्पुरत्या लाकडी मांडवांत पुन्हा सुरू झाली. तात्पुरते उभारण्याची तिला शंभर वर्षांची सवय होतीच. नवे संगीतसभागृह 1956 मध्ये पुरे झाले.

1951 मध्ये वॉल्ट डिस्ने ही बाग पाहून गेला आणि चार वर्षांनी त्याने कॅलिफोर्नियात आपली नगरी वसवली. तीही मी पाहिली आहे. तिथे सारे नेटके आहे. पण तिथे जावे लागते ते ठरवून. टिवोलीत कचेरीतून घरी जाताना डोकावता येते. 1874 च्या मूकनाट्यगृहासमोर लोक उघड्यावर उभे असतात. मोराच्या पिसाऱ्याचा पडदा दुमडतो आणि पांढऱ्या तोंडाचा पिएरो येतो. खेळ मूक असतो, पण शेवटी पोरे त्याला काही तरी बोल म्हणून ओरडतात आणि तो बोलतो. आपल्या तमाशातला सोंगाड्या आणि हा पिएरो समोरासमोर आले, तर दुभाष्याची गरज पडणार नाही. 1844 पासून चालत आलेले मुलांचे लष्करी थाटाचे पथक लाल डगल्यांत वाजवत जाते. आता त्यात मुलीही असतात.

आणि यंत्रे? 2004 मध्ये माणसाला तीनदा उलटे करणारी लोखंडी गाडी आली, 2006 मध्ये ऐंशी मीटर उंच मनोरा आला. तरुणांनी त्यांत खुशाल बसावे. माझी भक्ती 1914 च्या लाकडी डोंगरगाडीवर आहे. तिच्या प्रत्येक गाडीत मधोमध एक मनुष्य बसतो आणि हातातल्या दांड्याने ब्रेक लावतो. जगात अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत.

मागच्या खेपेस ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या गाडीत बसलो. बाहेर पावसाची भुरभुर होती. माझ्या पुढच्या बाकावर एक लहान मुलगी बापाच्या दंडाला घट्ट धरून बसली होती. पहिल्या उतारावर ती किंचाळली. दुसऱ्या उतारावर गाडी मला जरा हलकी वाटली. उतरताना मी ब्रेकवाल्याला विचारले, ब्रेक किती लावायचा हे कसे ठरवता? तो विशी-बाविशीचा पोरगा होता. म्हणाला, "पाऊस पाहतो, गाडीत किती माणसे आहेत ते पाहतो." मग त्या मुलीच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून त्याने पुस्ती जोडली, "आणि कोण बसले आहे, तेही पाहतो."

बाहेर आलो तेव्हा अंधार पडला होता. दिवे लागले होते. मुलगी बापाला रांगेकडे पुन्हा ओढीत होती.