पीपीएआर-गॅमा (वारेतील कार्य)

पेशीकेंद्रकात राहून चयापचयाशी निगडित जनुकांचे नियंत्रण करणारे ग्राही प्रथिन. मानवात आढळणाऱ्या 48 केंद्रकीय ग्राहींपैकी हे एक. मेदाम्ले व त्यांपासून बनणारे काही रेणू यास येऊन चिकटतात. मग रेटिनॉइड एक्स ग्राही या जोडीदारासह ते डीएनएच्या ठरावीक भागांवरून जनुकांचे कार्य वाढवते. मेदपेशींच्या जडणघडणीतील त्याचे महत्त्व 1994 मध्ये स्पष्ट झाले.

वारेतील कार्य : वारेच्या अंकुरांवरील ट्रोफोब्लास्ट पेशी एकमेकींत मिसळून एक सलग, बहुकेंद्रकी थर तयार होतो. मातेच्या रक्तातील प्राणवायू व पोषकद्रव्ये याच थरातून गर्भाकडे जातात आणि गर्भधारणा टिकवणारे एचसीजी संप्रेरकही येथेच स्रवते. पीपीएआर-गॅमा या थराच्या घडणीस व मेदाम्लांच्या शोषणास चालना देते. गर्भाशयाच्या भित्तीत शिरणाऱ्या ट्रोफोब्लास्ट पेशींना मात्र ते आवर घालते.

उंदरांवरील पुरावा : 1999 मध्ये अमेरिकेतील सॉल्क संस्थेच्या रोनाल्ड एव्हान्स यांच्या गटाने हे जनुक काढून टाकलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ दहाव्या दिवसाच्या सुमारास दगावत. त्यांच्या वारेतील रक्तवाहिन्यांचे जाळे अपुरे होते आणि हृदयाची भिंत पातळ राहिली होती. अशा गर्भांना निरोगी ट्रोफोब्लास्ट पेशी मिळतील अशी योजना केल्यावर हृदयाचा दोष नाहीसा झाला. दोष हृदयात दिसत असला, तरी त्याचे मूळ वारेत होते.

गर्भारपणातील आरोग्य : गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून अधिक होऊन मूत्रावाटे प्रथिने जाणे, हे प्रीएक्लॅम्प्सियाचे नेहमीचे रूप. गाभण उंदरांत पीपीएआर-गॅमाचे कार्य औषधाने रोखले असता अशीच लक्षणे उमटली. याउलट, ते उद्दीपित करणाऱ्या रोसिग्लिटाझोन या मधुमेहावरील औषधाने गाभण उंदरांची वार पातळ झाली व पिलांचे वजन घटले. म्हणजे या ग्राहीचे कार्य कमी पडले तरी अपाय होतो आणि अति झाले तरीही. म्हणूनच या गटातील औषधे प्रीएक्लॅम्प्सियावरील उपचार म्हणून रूढ झालेली नाहीत. मातेच्या आजारावर योजलेले औषध वारेवर काय परिणाम करील, हे स्वतंत्रपणे तपासणे दोन्ही जिवांच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे.