वरामावरचे चार नांगर

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय आपल्या वेदीवरून जवळजवळ कधीच वाचला जात नाही. रविवारच्या वाचनांत तो नाही. पुनरुत्थानकाळाच्या सातव्या आठवड्यात दैनंदिन मिस्साची वाचने पंचविसाव्या अध्यायावरून थेट अठ्ठाविसाव्या अध्यायावर येतात. एका दिवशी संत पौल कैसरियाच्या कैदेत असतो आणि दुसऱ्या दिवशी रोममध्ये भाड्याच्या घरात. मधला सारा समुद्र आपण वाचत नाही. उपासनेची रचना करणाऱ्यांना वेळेचे बंधन असते, हे मान्य. परंतु या गाळलेल्या अध्यायात, एकोणतिसाव्या ओवीत, एक लहानसा तपशील आहे. त्याचा उलगडा करण्यासाठी जगाला जवळजवळ अठराशे वर्षे थांबावे लागले, आणि तो केला एका हौशी नौकानयनपटूने. त्या तपशिलाची ही कथा आहे.

प्रसंग असा. साधारण इ. स. ६०च्या सुमारास पौलाला कैदी म्हणून रोमला नेले जात होते. मुऱ्या बंदरात जूलियस नावाच्या शताधिपतीने त्याला आलेक्सांद्रियाच्या एका जहाजावर चढविले. जहाजात गहू होता आणि २७६ माणसे होती. क्रीट बेटाच्या दक्षिणेला ईशान्येच्या झंझावाताने जहाजाला गाठले. चौदा दिवस सूर्य नाही, तारे नाहीत, अन्न नाही. चौदाव्या मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची चाहूल लागली. बुडीद टाकून पाहिले तेव्हा वीस वाव पाणी भरले. थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव. म्हणजे जवळपास ३७ मीटरवरून २८ मीटर. पुढे खडक असणार, या भीतीने त्यांनी चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. संत लूक येथे आवर्जून सांगतो की, हे चार नांगर त्यांनी वरामावरून टाकले.

‘वराम’ म्हणजे जहाजाची पिछाडी. हा शब्द आता बोलण्यात फारसा राहिलेला नाही, पण बायबल वाचणाऱ्यांना तो परका नसावा. गालील सरोवरातील वादळात प्रभू येशू उशीला टेकून झोपले होते ते वरामावरच, असे संत मार्क सांगतो. जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. आता कोणत्याही कोळी बांधवाला विचारून पाहावे; नांगर नाळेवरून टाकतात, वरामावरून नव्हे. नाळ लाटा कापण्यासाठी घडविलेली असते, म्हणून नौकेने वाऱ्याकडे तोंड करून उभे राहावे, हा सर्व समुद्रांवरचा साधा नियम. मग या अनुभवी खलाशांनी उलटे का केले? अनेक भाष्यकारांनी ही ओवी मुकाट्याने ओलांडली. काहींनी मनातल्या मनात असाही निष्कर्ष काढला असेल की, लूक वैद्य होता, त्याला जहाजातले काय कळणार!

याचे उत्तर समजण्यासाठी नांगरलेली नौका कशी वागते हे पाहिले पाहिजे. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते की, नांगर टाकला म्हणजे नौका जागच्या जागी उभी राहिली. तसे होत नाही. लाटेवर कलंडणे वेगळे आणि नांगराभोवती झुलणे वेगळे. शिडाच्या जहाजाची नाळ उंच असते. पौलाच्या काळच्या जहाजात मधल्या डोलकाठीखेरीज नाळेवर आणखी एक पुढे झुकलेली लहान डोलकाठी असे. या साऱ्यावर वारा जोराने आदळतो. उलट, पाण्याखालचा जो भाग आडव्या सरकण्याला विरोध करतो, त्याचे केंद्र बरेच मागे असते. त्यामुळे नाळेकडून बांधलेल्या जहाजाचे तोंड वाऱ्यापासून तसूभर जरी ढळले, तरी वारा ते आणखी लोटतो. जहाज तिरके होते आणि एका बाजूला चक्क धावू लागते. दोर पुरता ताणला की हिसका बसतो, नाळ गर्रकन फिरते आणि जहाज दुसऱ्या बाजूला धाव घेते. वारा असेपर्यंत हे येरझारे चालूच राहतात.

धोका त्या हिसक्यात असतो. दोन्ही टोकांना दोरावर पडणारा ताण स्थिर ताणाच्या कितीतरी पट होतो, आणि तोही दर वेळी वेगळ्या दिशेने. तळात रुतलेला नांगर एकाच दिशेच्या ओढीला दाद देत नाही. पण डावी-उजवीकडून आळीपाळीने हिसके बसले की तो सैल होतो. दोर कडेवर घासून झिजतो. शेजारी खडक किंवा दुसरे गलबत असेल तर टक्कर होते ती वेगळीच.

हे झुलणे कमी करण्याचे उपाय दर्यावर्दी लोकांनी पिढ्यान्पिढ्या शोधले आहेत. दोर अधिक सोडणे, दोरावर मध्येच वजन अडकवून त्याला खाली दाबणे, नाळेवरून दोन नांगर एकमेकांशी कोन करून टाकणे, हे सर्वांना ठाऊक असलेले उपाय. उत्तर समुद्रातील हेरिंग पकडणाऱ्या शिडाच्या होड्या जाळी सोडून पडून राहत, तेव्हा पुढची डोलकाठी आडवी करून ठेवीत आणि मागच्या काठीवर एक लहान शीड तेवढे उभे ठेवीत. वारा त्या शिडाला मागे ढकली आणि नाळ वाऱ्याच्या दिशेला धरून राही. आजही हौशी नौकांवर मागच्या बाजूला असेच चिमुकले शीड उभारतात. तत्त्व एकच: वाऱ्याचा भार दोर बांधलेल्या जागेपासून जितका दूर, वाऱ्याच्या उताराकडे नेता येईल, तितकी नौका स्थिर.

आता हेच तत्त्व वरामाला लावून पाहू. दोर पिछाडीला बांधला की उंच नाळ, पुढची काठी, मधली काठी, सारे काही आपोआप दोराच्या पलीकडे, वाऱ्याच्या उताराला जाते. जहाज काठीवरच्या पताकेसारखे सरळ उभे राहते. तिरके झालेच तर वारा त्याला पुन्हा सरळ करतो. झुलणे जवळजवळ थांबते आणि चारही नांगरांवर एकसारखी ओढ पडते. यात एक मोठे वैगुण्य आहे, ते म्हणजे लाटा पिछाडीवर येऊन आदळतात. नंतरच्या काळातील चौकोनी पिछाडीच्या जहाजांना हे फार जड गेले असते. परंतु रोमन काळातील मालवाहू जहाजांची पिछाडी नाळेसारखीच गोलाकार व उंच वळलेली असे. त्यांना ते सोसणारे होते.

याहून मोठे कारण दुसरेच आहे. जहाज वाऱ्यापुढे वाहत चालले होते. काळोख होता आणि पुढे खडक होते. अशा वेळी नाळेवरून नांगर टाकला असता तर जहाज अर्धे वर्तुळ फिरून वाऱ्याला सामोरे गेले असते; त्या फिरण्यातच ते खडकावर गेले नसते, याची हमी कोण देणार? शिवाय सकाळी त्याला पुन्हा किनाऱ्याकडे वळवावे लागले असते. वरामावरून नांगर टाकल्याने जहाजाचे तोंड रात्रभर किनाऱ्याकडेच राहिले. पहाटे वाळूची जागा दिसताच काय केले ते लूक क्रमाने सांगतो. नांगरांचे दोर तोडून ते समुद्रातच सोडले, सुकाण्यांची बंधने सैल केली आणि पुढचे शीड वाऱ्यावर उभारले. सुकाण्यांची बंधने ही बाब पाहण्यासारखी आहे. त्या काळी पिछाडीच्या दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारखी दोन सुकाणी असत. वरामावरून चार दोर खाली गेले असताना ती पाण्यात लोंबत राहिली तर दोरांत अडकणार. म्हणून ती वर ओढून बांधून ठेवली होती. मागाहून कल्पनेने गोष्ट रचणाऱ्याला हे सुचणे कठीण. हा प्रत्यक्ष पाहणाऱ्याचा कागद आहे, असे माझे मत आहे.

त्या रात्रीचा आणखी एक प्रसंग याच नांगरांशी जोडलेला आहे. खलाशांनी नाळेवरूनही नांगर टाकायचे आहेत, असा बहाणा करून होडी खाली सोडली. त्यांना पळून जायचे होते. बहाणा पटण्याजोगा होता, कारण पुढून-मागून दोन्हीकडे नांगर टाकणे ही जहाज स्थिर ठेवण्याची जाणती रीत आहे. पौलाला आधीच देवदूताने सांगितले होते की, एकाच्याही जिवाला धोका नाही. तरीही तो शताधिपतीला स्पष्ट बजावतो की, ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. देवाचे वचन हाती असताना पौलाला खलाशी हवे होते! शिपायांनी होडीचे दोर कापून टाकले. त्यानंतर पौलाने भाकर घेतली, सर्वांसमक्ष देवाचे आभार मानले, ती मोडली आणि खाऊ लागला. सर्वांना धीर आला. जहाज खडकांपासून हाकेच्या अंतरावर चार दोरांनी स्थिर उभे होते म्हणून ते भोजन झाले.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या फर्डिनंड ख्रिस्तियान बाउर आदी पंडितांनी ‘कृत्ये’ हे पुस्तक दुसऱ्या शतकातील, हेतुपूर्वक रचलेले व इतिहास म्हणून फारसे भरवशाचे नाही, असे मत मांडले. बाउरचा पौलावरील ग्रंथ १८४५ साली निघाला. योगायोग असा की, त्याच्या आदल्या वर्षीच जेम्स स्मिथ नावाचे एक स्कॉटिश गृहस्थ हिवाळ्यासाठी माल्टा बेटावर येऊन राहिले होते. ते ना धर्मगुरू होते, ना धर्मपंडित. भूगर्भशास्त्राचा त्यांचा व्यासंग होता आणि स्वतःच्या नौकेतून समुद्र पालथा घालण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. त्यांनी लूकचे वर्णन नकाशा व खोलीची मापे समोर ठेवून तपासले. शिडे उतरविलेले जहाज अशा वादळात ताशी सुमारे दीड मैल वाहत जाईल, या हिशेबाने क्लौदा बेटापासून माल्टापर्यंत तेरा दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. लूक चौदावी रात्र म्हणतो. कौरा टोकाजवळ पाण्याची खोली वीस व पंधरा वाव अशीच मिळाली. तेथील तळ नांगर घट्ट धरून ठेवणारा आहे, हे आरमारी मार्गदर्शिकांतही नोंदलेले होते. वरामावरून नांगर टाकण्याची सोय प्राचीन जहाजांत होती का, या शंकेला त्यांनी हर्क्युलेनियमच्या उत्खननात सापडलेल्या चित्राचा आधार दिला; त्यातील जहाजाच्या पिछाडीतून दोर बाहेर आलेला दिसतो. स्मिथ यांचे पुस्तक १८४८ साली प्रसिद्ध झाले. सगळे वाद त्याने मिटले असे मात्र नव्हे. विसाव्या शतकात मार्टिन डिबेलियस यांनी हा अध्याय एका तयार सागरकथेत पौलाची पात्ररचना घालून केलेला आहे, असे प्रतिपादन केले. बेट माल्टा नव्हेच, असे म्हणणारेही आहेत. पण लूकला समुद्र ठाऊक नव्हता, असे त्यानंतर सहजासहजी कोणी म्हणू शकले नाही.

स्मिथ यांच्याआधी अर्धे शतक हीच युक्ती एका भीषण लढाईत वापरली गेली होती. १७९८च्या जूनमध्ये नेपोलियन बोनापार्टने इजिप्तकडे जाताना पौलाचे माल्टा जिंकून घेतले. पुढे त्याचे आरमार इजिप्तच्या अबुकीर उपसागरात नांगरले. सेनापती ब्रुए याची १३ मोठी जहाजे एका ओळीत, नाळेवरच्या एकेका नांगरावर उभी होती. १ ऑगस्टच्या संध्याकाळी इंग्रज आरमार येऊन ठेपले. सर्वांत पुढे असलेल्या ‘गोलायथ’चा कप्तान फोली याने पाहिले की, फ्रेंच जहाज एकाच नांगरावर आहे, म्हणजे त्याला चहूबाजूंनी झुलायला पुरेसे खोल पाणी असलेच पाहिजे. जेथे फ्रेंच जहाज झुलू शकते, तेथून इंग्रज जहाज जाऊ शकते, असे त्याने ताडले, असे सांगतात. तो ओळीला वळसा घालून किनाऱ्याच्या बाजूला शिरला. नेल्सनने आपल्या जहाजांना आधीच वरामावरून नांगर टाकण्याची तयारी करायला सांगितले होते. वारा पाठीमागून होता. नाळेवरून नांगर टाकला असता तर प्रत्येक जहाज शत्रूच्या तोफांसमोर गर्रकन फिरले असते. त्यांनी पिछाडीचे नांगर सोडले आणि ती हव्या त्या जागी उभी राहिली. अर्थात ही युक्तीही सर्वांना तारू शकली नाही. ‘बेलेरोफन’ नेमके ब्रुएच्या प्रचंड ‘ओरियां’समोर येऊन थांबले आणि त्याच्या सर्व डोलकाठ्या कोसळल्या. त्याच रात्री ‘ओरियां’ स्फोट होऊन बुडाले. माल्टाच्या चर्चमधून लुटलेले चांदी-सोने त्याच्या पोटात होते, असे म्हणतात. तेरांपैकी दोनच जहाजे निसटली. हजारो माणसे मेली. त्याचे कौतुक करणे माझ्या पेशाला शोभणार नाही.

या लढाईचा धागा थेट मुंबईपर्यंत येतो. फ्रेंच सैन्य इजिप्तमार्गे हिंदुस्थानात उतरेल, या भीतीने ईस्ट इंडिया कंपनी हवालदिल झाली होती. नेल्सनने लगेच एका अधिकाऱ्याला खुष्कीच्या मार्गाने मुंबईच्या गव्हर्नरकडे वर्दी देऊन पाठविले. पुढे कंपनीने त्याला १०,००० पौंड बक्षीस दिले. नेल्सन हा एका इंग्लिश पाद्र्याचा मुलगा. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईतही त्याने वरामावरून नांगर टाकले, आणि त्या दिवशी सकाळी आपण ‘कृत्यां’चा सत्ताविसावा अध्याय वाचीत होतो, असे तो म्हणाल्याचे सांगितले जाते. युद्धाच्या सकाळी त्याने त्या अध्यायातून नांगर तेवढे उचलले आणि मोडलेली भाकर तेथेच ठेवली, असे म्हणावे लागते.

पौलाचे जहाज अखेर वाचले नाही. दोन समुद्र मिळतात अशा जागी नाळ रुतून बसली आणि वराम लाटांनी फोडून काढला. आज संत पौलाचा उपसागर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी एक छोटे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये अशी चिंचोळी खाडी आहे. कोणी पोहत, कोणी फळ्यांना धरून, २७६च्या २७६ माणसे किनाऱ्याला लागली. चार नांगर मात्र तोडले तेथेच राहिले. रोमन काळातील नांगर बहुधा लाकडाचे असत आणि त्यांचा आडवा दांडा शिशाचा असे. लाकूड कुजून जाते, शिसे उरते. माल्टाच्या समुद्रतळातून असे अनेक दांडे वर आले आहेत. त्यांतले अमुक चार पौलाच्या जहाजाचे, असा दावा अलीकडच्या काळात झाला, पण तो अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. माल्टाच्या लोकांचे त्यावाचून काही अडलेले नाही. दर वर्षी १० फेब्रुवारीला ते पौलाच्या जहाजफुटीचा सण पाळतात आणि वालेट्टाच्या रस्त्यांतून त्याची मूर्ती खांद्यांवरून मिरवितात.