शेजारच्या खोलीतली डॉरोथी

मराठी भाषेच्या इतिहासात विल्यम कॅरी यांचे नाव येतेच. १८०५ साली त्यांनी मराठीचे व्याकरण छापले, १८१० मध्ये कोश काढला, १८११ मध्ये नवा करार मराठीत आणला. पंडित वैजनाथ त्यांच्या मदतीला होते. हे काम झाले श्रीरामपूरला. आपल्या नगर जिल्ह्यातले नव्हे, कलकत्त्याजवळचे, हुगळीकाठचे. कॅरी बाप्टिस्ट, आपण कॅथलिक. तरी मराठीत शुभवर्तमान वाचणाऱ्या कोणालाही या माणसाचे ऋण नाकारता यायचे नाही. मात्र हे काम चालू असताना शेजारच्या खोलीत कोण होते, ते फारसे सांगितले जात नाही. तिथे त्यांची पत्नी डॉरोथी होती.

१० जून १७८१ रोजी इंग्लंडमधल्या पिडिंग्टन गावच्या चर्चमध्ये त्यांचे लग्न झाले. तो चांभारकाम करणारा, विशीही न गाठलेला. ती त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी तिने फुली मारली. पुढे दोन लहान मुली तिने इंग्लंडमध्येच गमावल्या.

१७९३ मध्ये कॅरींनी मिशनरी म्हणून हिंदुस्थानात यायचे ठरवले, तेव्हा डॉरोथीने साफ नकार दिला. ती गरोदर होती, आणि गावापासून लांब कधी गेलेली नव्हती. कॅरी थोरल्या मुलाला घेऊन निघालेही. पण जहाजाची अडचण आली आणि मुक्काम लांबला. तेवढ्यात डॉरोथी बाळंत झाली. मग कॅरी आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉन थॉमस पुन्हा घरी आले. आता आली नाहीस तर कुटुंब कायमचे दुभंगेल, जन्मभर पस्तावशील, असे थॉमस यांनी तिला सुनावले. बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असे ती अखेर म्हणाली. काही आठवड्यांचे तान्हे मूल घेऊन ती ओली बाळंतीण १३ जूनला जहाजात बसली. याला होकार म्हणायचे का? मला तो शब्द जड जातो.

बंगालमध्ये आधी पैशांची चणचण, मग सुंदरबनची दलदल, घरात हगवण. किटीने एका इंग्रज गृहस्थाशी लग्न केले आणि ती मागेच राहिली. उत्तरेकडे मदनाबाटीला कॅरींना निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. तिथे १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये पाच वर्षांचा पीटर गेला. जातीच्या भीतीने कबर खणायला माणूस मिळेना. फार विनवण्या केल्यावर चार मुसलमान खणायला तयार झाले, पण शव उचलायला तेही नाहीत. आईबाप दोघेही आजारी.

त्यानंतर डॉरोथीचे मन ढळले. नवरा परस्त्रियांकडे जातो, असा पक्का संशय तिच्या मनात बसला. ती त्यांच्या मागोमाग जाई, लोकांसमोर शिव्या देई. तिने त्यांच्यावर प्राणघातक हल्ल्याचाही प्रयत्न केला. अशा आजारात जो सर्वांत जवळ राहतो, संशय त्याच्यावरच येतो. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवा, असे लोक सांगत. कॅरींनी ते ऐकले नाही. बारा वर्षे ती घरातच राहिली, आणि त्यातला बराच काळ बंद खोलीत. औषध नव्हतेच, मनाच्या अशा आजारावरचे पहिले परिणामकारक औषध वापरात यायला १९५२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे ही कथा 'कॅरींचा क्रूस' म्हणून सांगतात. मला ते अर्धेच पटते. त्यांनी तिला टाकले नाही, ही मोठी गोष्ट. त्या काळी टाकणे सोपे होते, कोणी बोलही लावला नसता. पण त्यांच्याकडे पहाटे उठून बसायला एक टेबल होते, कागद होते, पंडित होते. तिच्याकडे काय होते? आणि मुले? श्रीरामपूरला ती मोकाट सुटलेली पाहून हॅना मार्शमन या दुसऱ्या मिशनरीच्या पत्नीने त्यांना हाताशी घेतले, वळण लावले. एकट्या नवऱ्याने हा भार उचलला नाही, उचलता आलाही नसता.

जुन्या चरित्रकारांनी डॉरोथीला मिशनच्या वाटेतली धोंड म्हणूनच रंगवले. १९९२ मध्ये जेम्स बेक या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावरच पुस्तक लिहिले, आणि तिचा आजार हा आजार म्हणून मांडला. नाहीतर 'वेडी' म्हटले की माणसाचे पुढचे काही ऐकायचे नसते. प्रभूच्या घरच्यांनीही त्याला नेमके तेच समजून धरून न्यायला धाव घेतली होती (मार्क ३:२१).

धर्मशिक्षणाच्या निमित्ताने घरोघरी जाताना आजही एखादे दार आतून बंद असते. "प्रार्थनेत कमी पडले असतील," असे शेजारी सहज बोलून जातात. आता गोळ्या आहेत, धारवाडला मोठे सरकारी रुग्णालय आहे, १४४१६ वर फोन लावता येतो. पण त्या घरातला नवरा किंवा बायको मिस्साला यायची बंद का झाली, हे आपण विचारत नाही.

डॉरोथी ८ डिसेंबर १८०७ रोजी वारली. आपल्या पंचांगात तो निष्कलंक मरियेचा सण. यंदा त्या दिवशीच्या मिस्साला मी तिच्या नावाने विनंती देणार आहे. फादर विचारतील, ही कोण? तेव्हा हे सगळे सांगीन.