शब्दांधता : डोळ्यापासून कानापर्यंत

७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी एका मुलाची हकिकत लिहिली. पर्सी चौदा वर्षांचा, चलाख, खेळात कुणाच्या मागे नाही. सातव्या वर्षापासून त्याला वाचायला शिकवीत होते, पण सोपे शब्दही त्याला धड वाचता येत नसत. अंक मात्र तो भराभर वाची. स्वतःचे नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल होई, आणि ती त्याच्या ध्यानातही येत नसे. त्याच्या शिक्षकांचे म्हणणे असे, की सगळे शिक्षण तोंडी दिले तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरेल.

डॉक्टरांनी हे नोंदवले, पण दोष शोधला तो शब्दांच्या दृश्य स्मृतीत. त्यात नवल नाही. या विषयाची नावेच डोळ्यावरून पडली होती. कुसमाउल या जर्मन वैद्यांनी १८७७ मध्ये ‘शब्दांधता’ हे नाव वापरले. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द देणारे बर्लिन नेत्रतज्ज्ञ, आणि १९१७ मध्ये जन्मजात शब्दांधतेवर पुस्तक लिहिणारे ग्लासगोचे हिन्शेलवुडही नेत्रतज्ज्ञच!

पर्सीच्या श्रुतलेखनाचा नमुना त्याच लेखात छापलेला आहे. ‘स्ट्रिंग’ हा शब्द त्याने एस-टी-यू-आर-एन-जी असा लिहिला. ही चूक नुसती डोळ्याची वाटत नाही. ‘र’ त्याने ऐकला आहे; जोडून आलेल्या ध्वनींत त्याची जागा कोणती, हे त्याला उलगडलेले नाही.

ध्वनी उलगडणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, हे कळायला १९७० चे दशक उजाडले. अमेरिकेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना एक खेळ दिला : शब्द ऐकायचा आणि त्यात जितके भाग असतील तितक्या वेळा काठीने टेबलावर ठोकायचे. आपला ‘बस’ शब्द घ्या. उच्चारताना तो एकाच झटक्यात बाहेर पडतो, पण त्यात ब्, अ, स् असे तीन ध्वनी आहेत. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना उच्चारखंड मोजता आले. सुटे ध्वनी एकालाही नाहीत. पहिलीच्या अखेरीस मात्र सुमारे ७० टक्के मुलांना ध्वनीही मोजता आले. १९७४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. मुले बहिरी नव्हती, हे लक्षात घ्यावे. ऐकू येणे वेगळे आणि ऐकलेले सुटे करता येणे वेगळे. वाचनाच्या सगळ्याच अडचणी यातून येतात असे नाही, पण पुष्कळ येतात.

ऑक्सफर्डच्या ब्रॅडली आणि ब्रायंट यांनी १९८३ मध्ये पुढची पायरी दाखवली. ध्वनी ओळखण्यात मागे असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी गट केले. एका गटाला सारख्या ध्वनीचे शब्द निवडायला शिकवले. दुसऱ्याला तेच, पण त्या ध्वनींची प्लॅस्टिकची अक्षरे हातात देऊन. वाचनात सर्वांत पुढे गेला तो हा दुसरा गट.