फिशिंग रॉड घरी कसा बनवायचा? ब्लँक, गाइड आणि इपॉक्सी फिनिशची संपूर्ण माहिती

गळ टाकून मासे पकडायचा छंद असलेल्यांना एक गोष्ट नक्की माहीत असते. दुकानातला रेडिमेड रॉड चांगला असतो, पण तो सगळ्यांसाठी बनवलेला असतो. हँडल कुणाला लांब होतं, कुणाला आखूड. कुणी खाडीत जिताड्यासाठी गरवतो, कुणी धरणावर. म्हणूनच जगभरात बरेच जण आपला रॉड स्वतः बांधतात. याला कस्टम रॉड बिल्डिंग म्हणतात.

मी स्वतः हा छंद करतो. चांगला, महाग ब्लँक आणूनही रॉड दोन ठिकाणी बिघडतो: गाइड चुकीच्या जागी बसले तर, आणि इपॉक्सी नीट घट्ट झालं नाही तर. त्यामुळे या लेखात बाकीची माहिती थोडक्यात आणि या दोन गोष्टी सविस्तर पाहू. उदाहरण म्हणून आपण 7 फुटांचा स्पिनिंग रॉड घेऊ, म्हणजे ज्यात रील आणि गाइड खालच्या बाजूला असतात.

रॉडमध्ये कोणकोणते भाग असतात?

- ब्लँक: मुख्य पोकळ काठी. ही आपण विकत घेतो.
- गाइड: ज्यातून लाइन जाते त्या रिंगा. प्रत्येकीला बसवण्यासाठी धातूचा पाय असतो.
- टिप-टॉप: अगदी टोकावरची रिंग.
- रील सीट: जिथे रील घट्ट बसते.
- हँडल: कॉर्क किंवा ईव्हीए फोमचं.
- धागा: गाइड ब्लँकला बांधण्यासाठी, बहुतेक वेळा नायलॉनचा.
- इपॉक्सी: धाग्यावरचा पारदर्शक थर.

समुद्रावर किंवा खाडीत वापरणार असाल तर गाइडची फ्रेम चांगल्या स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची घ्या, कारण खारं पाणी स्वस्त धातू लवकर खातं. ब्रेडेड लाइन वापरत असाल तर आतली रिंग सिरॅमिकची हवी. मऊ धातूवर ब्रेडेड लाइन घासून चरे पाडते आणि नंतर तेच चरे लाइन कापतात.

ब्लँक कसा निवडायचा?

दोन शब्द लक्षात ठेवा. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शन रॉड मुख्यतः टोकाकडे वाकतो, स्लो ॲक्शन रॉड जवळजवळ हँडलपर्यंत. ब्लँकवर किती पाउंडांची लाइन आणि किती वजनाचं ल्युअर चालेल ते दिलेलं असतं. 1 पाउंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम.

कार्बनचा ब्लँक हलका असतो आणि माशाची बारीक टोचणीही हाताला कळते. ग्लास फायबरचा जड असतो, पण आपटणं-घासणं जास्त सहन करतो.

ब्लँक बनतो कसा? रेझिन लावलेलं कार्बन किंवा ग्लास फायबरचं कापड एका निमुळत्या स्टीलच्या सळईवर गुंडाळतात, वरून टेप ओढून आवळतात, भट्टीत तापवून घट्ट करतात आणि सळई काढून घेतात. कापड गुंडाळलेलं असल्यामुळे सगळ्या बाजूंना कडकपणा अगदी सारखा नसतो. जास्त कडक बाजूला स्पाइन म्हणतात. काही बिल्डर स्पाइन शोधून त्यानुसार गाइड लावतात. काही जण ब्लँक डोळ्यासमोर धरून तो कुठून सरळ दिसतो ते पाहतात आणि गाइड त्या रेषेत ठेवतात. दोन्ही पद्धती चालतात.

हँडल आणि रील सीट

रील सीटचं भोक ब्लँकपेक्षा मोठं असतं. मधली जागा भरायला ब्लँकवर मास्किंग टेपच्या दोन-तीन कड्या गुंडाळतात आणि कड्यांच्या मधल्या जागेत इपॉक्सी गोंद भरतात. टेप फक्त सीट मध्यभागी ठेवते, पकड गोंदाची असते. त्यामुळे सगळीकडे सलग टेप गुंडाळू नका. सीट बसवली की तिची रेष आणि गाइडची रेष एकच आहे ना, ते गोंद ओला असतानाच तपासा.

गाइड कुठे लावायचे? (सगळ्यात महत्त्वाचा भाग)

साधा अंदाज असा: जितके फूट लांबी, तितके गाइड, आणि वर टिप-टॉप. म्हणजे 7 फुटांना साधारण 7 गाइड. टोकाकडे ते जवळ जवळ, हँडलकडे लांब लांब. तयार चार्टही मिळतात, पण प्रत्येक ब्लँक वेगळा वाकतो. त्यामुळे चार्ट ही फक्त सुरुवात समजा आणि पुढची चाचणी कराच. आमच्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर हे रिलीजच्या आधीचं टेस्टिंग आहे.

1. गाइड टेपने किंवा छोट्या रबरांनी तात्पुरते लावा.
2. हँडल कापडात गुंडाळून टेबलाच्या कडेला क्लॅम्पने पक्कं करा. रॉड साधारण 45 अंशांत वर असू द्या.
3. लाइन सगळ्या गाइडमधून ओवून खाली वजन टांगा. 1 लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण 1 किलो. रॉड नाजूक असेल तर अर्ध्या लिटरची घ्या.
4. साध्या भिंतीसमोर मोबाइलने बाजूने फोटो काढा. फोन 3-4 मीटर लांब ठेवा आणि 2एक्स झूम वापरा. वाइड लेन्समध्ये कडेच्या रेषा वाकड्या दिसतात, मग फोटोचा उपयोग राहत नाही.

आता फोटो झूम करून पाहा. दोन गाइडच्या मध्ये लाइन सरळ जाते आणि ब्लँक वाकलेला असतो. एखाद्या ठिकाणी लाइन ब्लँकपासून खूपच दूर गेली असेल, किंवा एखाद्या गाइडवर ती एकदम कोनात वळत असेल, तर तिथे ताण साचतोय. मोठा मासा लागला की ब्लँक अशाच ठिकाणी तुटण्याचा धोका असतो. गाइड थोडे सरकवा, पुन्हा फोटो काढा. सगळे कोन हळूहळू बदलताना दिसले की झालं.

स्पिनिंग रॉडला आणखी एक चाचणी लागते. या रीलमधून लाइन गोल वेटोळ्यांत बाहेर पडते. म्हणून रीलजवळचा पहिला गाइड मोठा आणि उंच असतो, पुढचे लहान होत जातात, अगदी नरसाळ्यासारखे. गाइड टेपवर असतानाच मोकळ्या मैदानात, हुक नसलेलं वजन बांधून काही थ्रो करा आणि मित्राला स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. लाइन पहिल्या गाइडवर फटके मारत असेल तर तो पुढे-मागे करून बघा. जागा ठरली की ब्लँकवर पुसता येणारी खूण करा.

धागा कसा गुंडाळायचा?

आधी गाइडच्या पायाचं टोक कानशीने घासून निमुळतं करा, म्हणजे धागा अडखळता वर चढणार नाही आणि टोक ब्लँकला टोचणार नाही. हलक्या रॉडला बारीक ए साइजचा धागा पुरतो, जाडजूड रॉडला डी साइज वापरतात.

ब्लँकवरून सुरुवात करून गाइडच्या पायावर चढत जायचं. पहिले 5-6 वेढे धाग्याच्या मोकळ्या टोकावरून घ्या, ते टोक दाबलं जाईल आणि मग कापून टाका. शेवटचे 8-10 वेढे राहिले की धाग्याचा एक वेगळा फास मध्ये ठेवा आणि त्याच्यावरून गुंडाळा. मग मूळ धागा कापून त्याचं टोक फासात घाला आणि फास ओढा. टोक वेढ्यांच्या खाली जातं, गाठ लागत नाही.

साधा नायलॉन धागा इपॉक्सी लावल्यावर गडद आणि थोडा पारदर्शक होतो. रंग आहे तसाच हवा असेल तर एनसीपी प्रकारचा धागा घ्या, किंवा आधी कलर प्रिझर्व्हर लावा.

इपॉक्सी फिनिश: इथे घाई नको

रंग सुकतो तेव्हा त्यातलं पाणी किंवा थिनर उडून जातं. इपॉक्सीचं तसं नाही. यात रेझिन आणि हार्डनरचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळं तयार होतं. ही जोडी हिशोबाने जमते. म्हणून 'हार्डनर जास्त टाकला की लवकर घट्ट होईल' हा समज चुकीचा आहे. जास्तीच्या हार्डनरला जोडीदारच मिळत नाही आणि थर चिकट किंवा मऊ राहतो.

- मोजमाप: रॉड फिनिशचं प्रमाण बहुतेक वेळा आकारमानाने 1:1 असतं, तरी पाकीट वाचा. दोन वेगळ्या सिरिंज वापरा. सिलिकॉन लावलेल्या रबराच्या सिरिंज टाळा, त्या सिलिकॉनमुळे थरात खड्डे पडतात.
- ढवळणं: 2-3 मिनिटं, सावकाश, कडा आणि तळ खरवडत. मोबाइलवर टायमर लावा. जोरात ढवळलं की बुडबुडे होतात.
- पसरवणं: मिश्रण ॲल्युमिनियम फॉइलवर ओता. या क्रियेत उष्णता तयार होते. कपात ती साठते आणि मिश्रण लवकर घट्ट होतं. पातळ पसरलं की वेळ जास्त मिळतो, बुडबुडेही सुटतात.
- लावणं: ब्रशने पातळ थर द्या आणि धाग्याच्या कडेपलीकडे किंचित जाऊ द्या. बुडबुडा दिसला तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून क्षणभर फिरवा. ऊब लागली की इपॉक्सी पातळ होतं आणि हवा बाहेर पडते. ज्योत एका जागी थांबवू नका.
- फिरवणं: रॉड आडवा ठेवून सतत हळू फिरवावा लागतो, नाहीतर इपॉक्सी खाली लोंबतं. यासाठी मिनिटाला काही फेरे घेणारी मोटर वापरतात. मोटर नसेल तर सुरुवातीला दर काही मिनिटांनी हाताने पाव फेरा द्या आणि थर वाहायचा थांबेपर्यंत देत राहा.

एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर चांगले. पहिला घट्ट झाल्यावर दुसरा द्या. मध्ये बरेच दिवस गेले तर आधी हलकं घासून पुसून घ्या. हाताला कोरडं लागलं तरी पूर्ण ताकद यायला काही दिवस लागतात, तोपर्यंत रॉड पाण्यावर नेऊ नका.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात विशेष काळजी घ्या. दमट हवेत हार्डनर ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी क्रिया करतो आणि वर धूसर, मेणचट थर येतो. खोली बंद करून एसी ड्राय मोडवर ठेवा. रॉड आणि इपॉक्सी आधीच त्या खोलीत ठेवा. 22 ते 27 अंश तापमान सोयीचं असतं.

सुरक्षा

इपॉक्सी लावताना नायट्राइल हातमोजे घाला. वारंवार त्वचेला लागलं तर ॲलर्जी होऊ शकते आणि ती कायमची राहू शकते. ब्लँक कापताना-घासताना मास्क हवाच.

आणि हे विसरू नका: कार्बन विजेचा वाहक आहे. वरून विजेच्या तारा जात असतील तिथे रॉड उभा धरू नका, आणि ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून सुरक्षित जागी जा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*महागडी मशीन लागते का?* नाही. खोक्याला दोन खाचा पाडून त्यात ब्लँक ठेवला आणि धाग्याचं रीळ जाड पुस्तकात दाबलं की ताण मिळतो.

*किती वेळ लागतो?* काम काही संध्याकाळींचं आहे. बाकी वेळ इपॉक्सी घट्ट होण्यात जातो.

*सुरुवात कशाने करू?* घरातल्या जुन्या रॉडचा एक तुटका गाइड बदला. धागा, गाइड आणि थोडं इपॉक्सी एवढंच लागतं. तो एक गाइड नीट जमला की नवा ब्लँक घ्यायला हरकत नाही.